गौरीची ढेप

गौरीपुढे हात जोडून मी त्या वर्षी जे मागितलं, ते लिहायला आजही हात धजत नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येणार नाही. मी मागितलं होतं, की वहिनीच्या पोळ्या तव्यावर फुटू देत. पुरण बाहेर येऊ दे, तव्याला चिकटू दे, घरभर धूर होऊ दे, आणि आईनं मला हाक मारून म्हणावं, "ये गं बाई, तूच बस आता चुलीपाशी." लढाईचे दिवस होते. माझा एकुलता एक भाऊ पलटणीबरोबर समुद्रापलीकडं कुठं होता, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. दोन-तीन महिने त्याची खबर नव्हती. घरातली सगळी माणसं देवापुढे एकच गोष्ट मागत होती, आणि मी, घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात गेलेली मुलगी, हे मागत होते.

आमचं गाव आष्ट्यापासून थोडं आत, ओढ्याच्या अलीकडं. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेले. तिकडं त्यांनी शिकलेल्या बाया इस्पितळात कामं करताना पाहिल्या होत्या, आणि तेव्हाच ठरवून टाकलं होतं, की आपली पोरगी शिकणार. गावानं नावं ठेवली, आई घाबरली, पण मी मॅट्रिक झाले आणि सांगलीला मावशीकडं राहून कॉलेजात जाऊ लागले. त्याच उन्हाळ्यात दादा रजेवर आला, त्याचं लग्न झालं, आणि तो परत गेला. वहिनी साताऱ्याकडची. तिचे वडील आबांच्याच पलटणीतले. मी घरातून बाहेर पडले आणि ती आत आली, हे इतकं लागोपाठ झालं, की मला वाटे, माझी जागा गरम असतानाच ती येऊन बसली.

गौरींना मी सांगलीहून घरी गेले, तेव्हा दारातच मला ते जाणवलं. मी पिशवी ठेवून चुलीकडं निघाले, तर आई म्हणाली, "तू बस. दमून आलीयास. सूनबाई, वन्संना पाट दे बसायला." वहिनीनं पाट मांडला, तांब्या दिला, चहा दिला. पाव्हण्यांना देतो तसा, कानाच्या कपातून. मी माझ्याच घरात पाटावर बसून चहा प्याले. मी रेशनवर मिळालेली साखर मावशीच्या हातापाया पडून साठवून आणली होती. त्या दिवसांत साखर म्हणजे औषधासारखी. ती पुडी मी आईच्या हातात दिली, तेव्हा मला वाटलं होतं ती हरखून जाईल. तिनं "बरं झालं" म्हटलं आणि फळीवर ठेवून दिली. लगेच वळून म्हणाली, "वैनीच्या हातची पोळी बघशील तू. साताऱ्याची पद्धत. कागदावानी लाटती."

गौरीच्या निवदाचं पुरण आमच्या घरी मी परकरात असल्यापासून माझ्याकडं होतं. डाळ शिजली की कट काढायचा, गूळ घालून आटवायचं, आणि मग पाट्यावर वाटायचं. पोळ्या आई लाटायची, पण पुरण माझं. शेजारच्या बायाही म्हणायच्या, की हिच्या हाताला पुरण मऊ येतं. मला दुसरं फारसं काही येत नव्हतं. शिवण नाही, गाणं नाही. कॉलेजातही मी मागच्या बाकावर बसे आणि कुणी विचारलं तर उत्तर घशात अडके. पुरण मात्र माझं होतं. आता आई सांगत होती, "घरात सून आली, की गौरीचा निवद सुनेच्या हातचा. तशी रीत हाय."

आमच्या घरची आणखी एक रीत इथं सांगायला हवी. थंडीत गुऱ्हाळ लागलं, की पहिल्या आधणाच्या गुळाची एक लहान ढेप आई गौरीसाठी बाजूला काढून ठेवते. ती फडक्यात बांधून उतरंडीच्या वरच्या गाडग्यात ठेवायची. भाद्रपदापर्यंत तिला कुणी चाखायचं नाही. आणि निवदाचा स्वयंपाक तर कुणीच चाखायचा नाही. मीठ, गूळ, सगळं अंदाजानं. देवाच्या आधी आपल्या जिभेला लावायचं नाही. लहानपणी पुरण वाटताना बोटाला लागलेलं चाटलं, म्हणून मी आईची चापट खाल्लेली आहे.

पुरणपोळीच्या दिवशी सकाळी आईनं ढेप काढून वहिनीपुढे ठेवली, आणि हात जोडून म्हणाली, "बाई गौरी, औंदाचा निवद माझ्या लेकासाठी हाय. गोड करून घे. माझं पोर घरी आण." तिचा आवाज असा होता, की वहिनीनं पदरानं डोळे पुसले. मीही पुसले. तरी पुढच्याच घटकेला वहिनी डाळीत गूळ फोडून घालू लागली, आणि माझं मन पुन्हा त्या तव्याकडं धावलं. तेव्हाच मी ते मागितलं.

आईला माझी दया आली असावी. म्हणाली, "पुरण वाट तू. हात चालव जरा." मी पाट्यापाशी बसले आणि वरवंटा असा ओढू लागले, की आबा ओसरीवरून ओरडले, "अगं, पाटा फोडतीस का पुरण वाटतीस?"

वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, द्या, मी वाटते."

"का? साताऱ्याला पुरण वाटत्यात, का नुसतं पळीनं चिवडत्यात?"

ती हसली. मला वाटलं होतं ती रडेल, निदान गप्प होईल. ती म्हणाली, "आमच्याकडं चिवडत्यातच. म्हणून तर माझ्या आईनं मला हितं दिली." आईही हसली. मला कुणी हसवायला नको होतं.

पोळ्यांपैकी एकही फुटली नाही. कागदासारख्या पातळ, कडेपर्यंत पुरण, टम्म फुगलेल्या. मी त्या मोजत नव्हते, पण प्रत्येक पोळी तव्यावरून उतरताना माझ्या नजरेतून सुटत नव्हती. गौरीपुढे ताट मांडलं, तूप सोडलं, आईनं पाणी फिरवलं. आता सवाष्ण जेवली, की घरची माणसं बसणार.

आणि सवाष्णच येईना. जिला सांगितलं होतं, तिला सकाळीच अडचण आली, ती बाहेर बसली. तिच्या लेकीकडून निरोप आला तो उशिरा. घरोघरी गौरी, प्रत्येकीच्या घरी स्वतःचा निवद, नाहीतर ती दुसरीकडं जेवून आलेली. आई तीन आळ्या फिरून आली आणि उंबऱ्यावर मटकन बसली. सवाष्णच जेवली नाही तर निवद कुणी खाल्ला म्हणायचा? तिची नजर खुंटीला टांगलेल्या दादाच्या पटक्याकडं गेली, ते मी पाहिलं. वहिनीनंही पाहिलं.

आबा काठी घेऊन बाहेर पडले. वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि ओढ्याला पाणी चढलं होतं. थोड्या वेळानं ते परत आले, तर मागून एक बाई. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरवा चुडा, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. आबा म्हणाले, "ओढ्याकाठी बसली हुती. पल्याडच्या वाडीला म्हायेरी निघालीया. पाणी उतरंपतूर थांबायचंच हाय, म्हनलं जेवूनच जा."

आई उठून उभीच राहिली. "आवं बाई, सवाष्ण हायसा न्हवं?"

"हाय की. मालक धडधाकट हाईत. कवठे महांकाळाकडची मी. औंदा भावानं बोलीवलंय गौरीला, पर ह्यो वडा आडवा आला बगा."

आईनं तिचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, पाटावर बसवलं. वाढायचं काम मी पुढं होऊन घेतलं. खरं कारण भक्ती नव्हतं. वहिनीला आतच राहू द्यावं आणि समोर मी दिसावं, एवढंच होतं.

ती बाई जेवायला बसली ती अशी, की बघत राहावं. पहिला घास घेतला आणि क्षणभर थांबली. मला वाटलं, दमली आहे. मग तिनं पाणी मागितलं, आणि पुन्हा जेवू लागली. सावकाश, मन लावून. मी पोळी वाढली, तिनं घेतली. आणखी वाढली, तीही घेतली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायली. मी मनात म्हटलं, बिचारी कोरड्या मुलखातली, पाण्याला हपापलेली.

"लय निगुतीनं केलंय," ती म्हणाली. "कुनाच्या हातचं?"

आईनं "सुनेच्या" म्हणायला तोंड उघडलं होतं. त्याच्या आत मी बोलले. "पुरण मी वाटलंय."

बाईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग दाराआडच्या वहिनीकडं पाहिलं. आणि हसली. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं, तरी मला घाम फुटला. ती म्हणाली, "माज्या म्हायेरी बी आता भावजय बसती चुलीपशी. पयल्या सालाला मी लय जळले बग. वाटायचं, माजी चूल हिला का? तिनं वाढल्यालं घशाखाली उतरंना." तिनं पोळीचा तुकडा दुधात बुडवला. "मग एका सालाला गौरीकडं बगत बसले हुते. म्हनलं, ही बी म्हायेरीच आलीया. ही उठून सैपाक करती का? बसती, वाढल्यालं खाती, नि जाती. मग मलाच का येवडी घाई? तवापासून आयतं खाती. लय ग्वाड लागतं."

मी हातात भांडं धरून तशीच उभी राहिले. मी तिला काहीएक सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, मावशीलाही नाही. सांगलीला कॉलेजात लॉजिकचे आमचे प्रोफेसर म्हणत, दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. ते खरंच आहे. ती बाई आपलं आयुष्य सांगत होती. पण ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, एवढं मी सांगू शकते. त्यापलीकडं काही सिद्ध करण्याची माझी ताकद नाही.

जाताना तिनं एक पोळी मागून घेतली. "भावजयीला नेती. तिला वाटतंय, जगात पुरान तिलाच जमतंय." आम्ही सगळे हसलो. आबा तिला ओढ्यापर्यंत सोडून आले. पाणी उतरलं होतं.

मग आबा जेवायला बसले. आई वाढत होती, मी ताकाचा लोटा घेऊन उभी होते, वहिनी दाराआड. आबांनी घास तोंडात घातला आणि त्यांचा जबडा थांबला. पलटणीतल्या सवयीनं ते ताटातलं कधी टाकत नाहीत. त्यांनी घास गिळला, आणि हळूच विचारलं, "आज पोळीत निमक कुणी घातलंय?"

आईनं ताटातला तुकडा तोडून जिभेवर ठेवला. तिचा चेहरा उतरत गेला तो मला अजून दिसतो. पोळी खारट होती. थोडीथोडकी नव्हे. ती वहिनीकडं वळली, आणि जन्मात मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते बोलली. "माझं पोर तिकडं मरणाच्या दारात, आनि तू देवीच्या तोंडात मीठ घातलंस? पयलाच निवद तुझ्या हातचा, आनि ह्यो असा? कसल्या पायाची आलीस गं तू?"

त्या घटकेला माझ्या मनात जे झालं, ते लिहिते. आधी एक गोड शिरशिरी आली. पोळ्या फुटल्या नव्हत्या, पण माझी मागणी देवीनं ऐकली होती. माझी जागा मला परत मिळणार होती. आणि लगेच, त्याच श्वासात, मला भीती वाटली. मी मागितलेलं हे असं दिसतं होय? वहिनी भिंतीला टेकून उभी होती, एका हातानं दुसऱ्या हातातला चुडा घट्ट धरून. तिचाही नवरा तिकडंच होता, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंच नव्हतं. दादा म्हणजे आमचा, एवढंच मी धरून बसले होते.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. पुरण मी वाटलंय, हे मी मघाशी छाती काढून सांगितलं होतं आणि ते तिनं ऐकलं होतं. आई रागात विसरली होती, पण ती विसरली नव्हती. तिनं एक शब्द काढला असता, तर माझी सुटका नव्हती. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माझं, आत्याबाई. मीठ माझ्याच हातनं जास्ती पडलं असंल."

"न्हाई," मी म्हटलं. माझा आवाज कॉलेजात कधी फुटला नव्हता तो तिथं फुटला. "पुरण माझं हाय. मघाशी मीच सांगितलं त्या बाईला. बोलायचं तर मला बोल."

आई आम्हा दोघींकडं बघत राहिली. आबा मात्र ताटावरून उठले, उतरंडीतलं गाडगं काढलं, उरलेल्या ढेपेचा खडा तोडून तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, भांडताय कशाला? गूळच खारा हाय! औंदा गुऱ्हाळाला पयला ऊस वड्याकाठच्या चोपणातला तोडला. त्या रानाला खार फुटलाय. मागनं मळ्यातला ऊस आला, त्यो गूळ आपण खाल्ला. आनि पयला तू देवीला काढून ठेवलास."

कुणीच चाखला नव्हता. देवीचा म्हणून. आईनंच आपल्या हातानं, सगळ्यात श्रद्धेनं, खारी ढेप थंडीपासून जपून ठेवली होती. ती तिथंच खाली बसली. "मग आता निवद कसा पोचायचा हो? कसा यायचा माझा लेक?"

आबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "ती सवाष्ण जेवली का न्हाई?"

"जेवली."

"पोटभर?"

"मागून मागून."

"मग सवाष्ण म्हंजी कोण? गौरच न्हवं? तिनं मागून खाल्लं, वर बांधून नेलं. आता तू आनि मी कोण तिच्या निवदाला नावं ठिवणार?"

आई उठली, वहिनीजवळ गेली आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही, हे माझ्या दृष्टीनं त्या दिवसातलं नवल होतं.

प्रसाद टाकता येत नाही. आबा पुन्हा ताटावर बसले, पण पोळी घशाखाली उतरेना. तेव्हा वहिनी उठली आणि फळीवरची माझी पुडी काढली. "वन्संची साखर हाय की," ती म्हणाली, आणि चिमटीनं, सोनं वेचावं तशी, आबांच्या पोळीवर भुरभुरली. आबा एक घास खाऊन म्हणाले, "आता जमतंय. सांगलीची साखर आनि साताऱ्याची पोळी."

"आनि चोपणातला गूळ," आई म्हणाली. ती हसली नाही, पण हसण्याच्या जवळ आली होती.

मग वहिनीनं पाट मांडला. माझ्यासाठी. सकाळपासून मी ज्यावर बसायचं टाळत होते तोच. "बसा वन्सं," ती म्हणाली. मी देवघराकडं पाहिलं. गौर आपल्या जागी बसली होती, तेरड्याची पानं जरा मलूल झाली होती, समोर ते ताट तसंच. तिनं काही केलं नव्हतं. ती आली होती, बसली होती, वाढलेलं घेतलं होतं. मी पाटावर बसले. "तू बी बस," मी वहिनीला म्हटलं, आणि तिचा पाट माझ्या पाटाला लावून ओढला.

ती बाई पुढे आबांना आष्ट्याच्या बाजारात भेटली. आबांनी ओशाळून खाऱ्या गुळाची गोष्ट काढली, तर ती खळखळून हसली. "भावजयीनं खाल्ली नि म्हनली, वन्सं, ह्यापरास माजीच बरी. म्या म्हनलं, व्हय बाई, तुजीच बरी. सात पिढ्यांचं भांडन मिटलं." तिला स्वतःला पोळी खारट लागली होती की नाही, ते आबांनी विचारलं नाही. तिच्याकडच्या विहिरींचं पाणीच मचूळ असतं म्हणतात. तेव्हा कदाचित लागली नसेल. पहिल्या घासाला ती थांबली होती, तेव्हा कदाचित लागलीही असेल. मी त्याचा निकाल लावत नाही. माझ्यापुढे बसून तिनं तो घास गिळला, आणि दुसरा घेतला, एवढं मी पाहिलं आहे.

लढाई संपल्यावर दादा परत आला. आई म्हणते गौरीनं आणला. मी नाही म्हणत नाही. त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "तिकडं मला ती खारी पोळी मिळाली असती, तर साखरेशिवाय खाल्ली असती."

मी आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गौरींना घरी जाते. आई पहिल्या ढेपेचा खडा आता आधी म्हशीला देते, आणि तिनं तो चाटून खाल्ला, की बाकीची ढेप देवीला ठेवते. पुरण वहिनी करते. ते मऊ होतं, माझ्यापेक्षा मऊ होतं, आणि हे लिहिताना मनात थोडंसं काहीतरी अजूनही हलतं. मी खोटं लिहिणार नाही. तसं झालं, की मी देवीला हात जोडते आणि काही मागत नाही. दारात पिशवी ठेवते. वहिनी पाट मांडते. मी बसते, आणि ती वाढेल ते खाते. लय गोड लागतं.